स्वामी विवेकानंद : दृढ श्रद्धा आणि सहिष्णुतेची मर्यादा

आपल्या उपास्यावर ज्याची अचल निष्ठा आहे, त्याने दुसऱ्याच्या उपास्याविषयी कोणती वृत्ती बाळगावी, हा प्रश्न श्रद्धाळू गृहस्थापुढे आज ना उद्या उभा राहतोच. शेजारी निराळ्या पंथाचा असतो, सून निराळ्या संप्रदायाच्या घरातून येते, मुलगा शिकून घरी येतो आणि देवघरातील मूर्तीविषयी शंका विचारू लागतो. अशा वेळी काहींची निष्ठा इतकी कठोर होते की तिच्यातून द्वेषाचा धूर निघू लागतो. तर काहींचे औदार्य इतके सैल होते की त्यांचे स्वतःचे असे उपास्यच उरत नाही. या दोहोंच्या मधून जाणारी वाट आहे काय, आणि असल्यास तिची मर्यादा कोठे आहे? स्वामी विवेकानंदांच्या अवघ्या एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर प्रसंगाप्रसंगाने उलगडत गेलेले दिसते. त्या आयुष्यातील एक विलक्षण आध्यात्मिक अनुभव बालपणीच ज्या प्रवासात आला, तो प्रवास छत्तीसगडातील रायपूरचा होता.

नरेंद्रनाथ दत्त यांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी कलकत्त्यात झाला. माता भुवनेश्वरीदेवी शिवभक्त. पुत्रप्राप्तीसाठी काशीच्या वीरेश्वराची आराधना केल्यावर हा मुलगा झाला, अशी तिची श्रद्धा होती. रामायण-महाभारताच्या कथा नरेंद्राने तिच्याच तोंडून ऐकल्या. पिता विश्वनाथबाबू हायकोर्टातील नामांकित वकील होते. हाफिजच्या फार्सी काव्याची त्यांना गोडी होती आणि बायबलही ते आवडीने वाचीत. त्यांच्याकडे नाना जातिधर्मांचे पक्षकार येत व त्यांच्यासाठी बैठकीत निरनिराळे हुक्के ठेवलेले असत. एके दिवशी बाळ नरेंद्राने एकेक करून सर्व हुक्के ओढून पाहिले. जात मोडल्याने नेमके काय होते, हे त्याला पाहावयाचे होते. काहीच झाले नाही! या खोडीत पुढल्या आयुष्याचे बीज होते. जे मानावयाचे ते पारखून मानावयाचे, हा स्वभाव त्या मुलाच्या ठायी उपजतच होता.

१८७७ साली विश्वनाथबाबू कामानिमित्त मध्यप्रांतातील रायपूर येथे राहू लागले आणि त्यांनी कुटुंबालाही तिकडे बोलावून घेतले. त्या वेळी रायपूरपर्यंत आगगाडी पोहोचलेली नव्हती. उरलेला मार्ग घनदाट अरण्यातून बैलगाडीने काटावा लागे आणि त्याला पंधरा दिवसांहून अधिक काळ लागे. विंध्याच्या परिसरातून जाताना एके ठिकाणी दोन उंच कडे एकमेकांना भेटावयास आल्यासारखे जवळ आले होते. त्यांच्यामधील भेगेत वरपासून खालपर्यंत मधमाशांचे एक प्रचंड पोळे लोंबत होते. कित्येक वर्षांचे ते निर्मितिकार्य पाहताना चौदा वर्षांचा नरेंद्र त्या अनंत शक्तीच्या विचारात इतका बुडून गेला की गाडीत बसल्या जागी त्याचे बाह्य भान हरपले. शुद्धीवर आला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. तेथे मूर्ती नव्हती, मंत्र नव्हता, कोणताही संप्रदाय नव्हता. तथापि त्याचे चित्त ईश्वराच्या चिंतनात विरून गेले होते, आणि हा अनुभव तो कधीही विसरला नाही.

रायपुरात सुमारे दोन वर्षे हे कुटुंब राहिले. नरेंद्राच्या योग्यतेची शाळा तेथे नसल्यामुळे पित्यानेच त्याच्या अध्ययनाची धुरा उचलली. घरी येणाऱ्या विद्वान मंडळींच्या चर्चेत तो बसत असे आणि वडीलही त्याला आपले मत निर्भयपणे मांडू देत. मत पटले नाही म्हणून मुलाला गप्प बसविण्याची रीत त्या घरात नव्हती. मात्र मत मांडल्यावर त्याचे समर्थनही करावे लागे. रायपूरच्या बूढापारा भागातील डे भवन ही वास्तू या वास्तव्याची जागा म्हणून आजही दाखविली जाते. ज्या घरात मतभेदाला दारातच अडविले जात नाही, त्या घरातील मुलाची श्रद्धा उशिरा स्थिरावते, पण जेव्हा स्थिरावते तेव्हा ती उसनी नसते, हे या चरित्रावरून ध्यानात येते.

१८७९ मध्ये कुटुंब कलकत्त्यास परतले. महाविद्यालयात शिकत असता नरेंद्र साधारण ब्राह्म समाजाचा सभासद झाला. निराकार ईश्वराचीच उपासना करीन, या आशयाच्या प्रतिज्ञापत्रावर त्याने सही केली. मूर्तिपूजा त्याला मान्य नव्हती आणि जीव व ब्रह्म एकच, हा अद्वैत सिद्धांत तर त्याला निंद्य वाटे. अशा मनःस्थितीत नोव्हेंबर १८८१ मध्ये त्याची श्रीरामकृष्णांशी भेट झाली. एका बाजूस दक्षिणेश्वरच्या कालीमातेचा बालकासारखा भक्त, तर दुसऱ्या बाजूस कालीची मूर्ती म्हणजे मनाचा खेळ असे तोंडावर सांगणारा तरुण. श्रीरामकृष्णांनी त्याला दूर लोटले नाही. उलट पारखून घेतल्यावाचून काहीही स्वीकारू नकोस, असेच ते त्याला बजावीत राहिले.

याच काळातील एक प्रसंग विशेष मननीय आहे. नरेंद्राचा मित्र राखाल, जो पुढे स्वामी ब्रह्मानंद या नावाने प्रसिद्ध झाला, त्यानेही ब्राह्म समाजाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. परंतु दक्षिणेश्वरी येऊ लागल्यावर तो श्रीरामकृष्णांच्या मागोमाग मंदिरात जाऊन देवतांपुढे मस्तक टेकवू लागला. नरेंद्राने ते पाहिले आणि प्रतिज्ञाभंगाबद्दल त्याला कठोर शब्दांत फटकारले. राखाल स्वभावाने मृदू. तो नरेंद्रासमोर यावयासही कचरू लागला. श्रीरामकृष्णांच्या कानी ही गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी नरेंद्राला जवळ बोलावून समजाविले की राखालची श्रद्धा आता साकारावर जडली आहे, तिला धाक घालू नये. सर्वांनाच आरंभापासून निराकाराची धारणा साधत नाही. नरेंद्राने ते मानले. स्वतःचे मत त्याने तेव्हा सोडले नव्हते, पण त्या मताचा आसूड करण्याचे मात्र सोडून दिले. आपली श्रद्धा कितीही खरी असली तरी तिच्या बळावर दुसऱ्याच्या कोवळ्या श्रद्धेला भिवविण्याचा अधिकार आपल्याला नाही, ही पहिली मर्यादा नरेंद्र गुरुचरणी शिकला.

हे शिकविणाऱ्या गुरूंचे आचरणही तसेच होते. श्रीरामकृष्णांनी १८६६ मध्ये इस्लामची साधना केली आणि पुढे ख्रिस्ताचे ध्यानही केले. तरी कालीमातेविषयीचा त्यांचा भाव तिळमात्र उणावला नाही. घरची सून सासू-सासरे, दीर-नणंदा या सर्वांची सेवा करते, परंतु पतीशी तिचे नाते निराळे असते, हा दृष्टांत ते इष्टनिष्ठा समजाविताना देत. आदर सर्वांना द्यावा. आत्मसमर्पण मात्र एकाच ठायी असावे.

फेब्रुवारी १८८४ मध्ये विश्वनाथबाबूंचे निधन झाले आणि सुखवस्तू घर दारिद्र्यात बुडाले. धाकटी भावंडे उपाशी, नोकरी मिळेना, आप्तांनी तोंड फिरविलेले. अखेर नरेंद्राने श्रीरामकृष्णांना साकडे घातले की आपल्या घरच्यांसाठी मातेपाशी मागणे करावे. त्यांनी त्यालाच मंदिरात पाठविले. तीन वेळा तो कालीमातेपुढे गेला आणि तिन्ही वेळा विवेक, वैराग्य, ज्ञान व भक्ती यांवाचून दुसरे काही त्याला मागताच आले नाही. ज्या मूर्तीला तो भ्रम म्हणत होता, तिच्या ठायी त्याला चैतन्य जाणवले. हा पालट वादाने घडला नव्हता. श्रीरामकृष्णांनी जर दोन वर्षांपूर्वीच त्याला नास्तिक ठरवून निरोप दिला असता, तर त्या रात्री तो त्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचलाच नसता.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्णांनी देह ठेवला. पुढे नरेंद्रनाथ संन्यासी होऊन भारतभर फिरले. त्यांच्या झोळीत दोन ग्रंथ असत : एक श्रीमद्भगवद्गीता आणि दुसरा ख्रिस्ती साधकांत मान्य असलेला ईसानुसरण हा ग्रंथ. १८९१ मध्ये अलवार येथे एका मौलवींनी त्यांना भोजनास बोलाविले. संन्याशाच्या धर्माला बाध येऊ नये म्हणून ब्राह्मणाकडून स्वयंपाक करविण्याची तयारीही त्या सज्जनांनी दाखविली. स्वामीजींना अशा कशाचीही आवश्यकता वाटली नाही. ते प्रेमाने त्यांच्या घरी जेवले. अबूच्या पहाडावर ते एका मुसलमान वकिलाच्या बंगल्यात राहिले. खेतडीच्या राजांचे कार्यवाह मुन्शी जगमोहनलाल यांनी त्याविषयी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा सर्वत्र ब्रह्मच पाहणाऱ्या संन्याशाला असे भेद उरत नाहीत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्याच अलवारमध्ये महाराज मंगलसिंग यांनी मूर्तिपूजेची थट्टा केली. स्वामीजींनी भिंतीवरील महाराजांचे चित्र खाली घेण्यास सांगितले आणि दिवाणांना त्यावर थुंकण्यास फर्माविले. दिवाण भयाने गारठले. चित्रात महाराजांचा देह नसूनही त्यांचे सेवक त्यात धन्यालाच पाहतात, तसाच भक्त मूर्तीत भगवंताला पाहतो, हे मग स्वामीजींनी उलगडून सांगितले. दहा वर्षांपूर्वी ते स्वतः याच महाराजांसारखे बोलत होते. म्हणूनच त्यांच्या उत्तरात राग नव्हता, तर समजाविण्याची कळकळ होती. आणि महाराजांनीही हात जोडून आपली चूक मान्य केली.

१८९२ मध्ये ते महाराष्ट्रात आले. मुंबईहून पुण्यास येताना आगगाडीत त्यांची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली व पुण्यात काही दिवस ते टिळकांच्याच घरी राहिले. पुढे कोल्हापूर व बेळगाव करून ते गोव्यात गेले. तेथे राशोलच्या ख्रिस्ती धर्मविद्यालयात राहून त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यास केल्याची हकिगत सांगितली जाते. काही महिन्यांनी ज्या धर्मपरिषदेत आपला धर्म मांडावयाचा होता, तेथे जाण्यापूर्वी दुसऱ्याचा धर्म त्याच्याच ग्रंथांतून समजून घेतलेला हा संन्यासी होता.

११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागो येथे सर्वधर्मपरिषदेस आरंभ झाला. तेथे स्वामीजींनी जो विचार मांडला, त्याचे मर्म पुष्कळदा अर्धवटच ध्यानात घेतले जाते. परधर्म केवळ सहन करणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. सहन करण्यात आपण मोठे व दुसरा चुकलेला, तरी त्याला जगू देतो, असा सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. सर्व धर्म सत्याकडे नेणारे आहेत, अशा भावाने त्यांचा स्वीकार करावा, ही हिंदूंची शिकवण असल्याचे त्यांनी सांगितले. आणि ज्यू व पारशी लोकांना या भूमीने दिलेल्या आश्रयाचा दाखला दिला. परंतु २७ सप्टेंबर रोजीच्या समारोपात त्यांनी हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले की ख्रिस्ती माणसाने हिंदू व्हावयाचे नाही किंवा हिंदूने ख्रिस्ती व्हावयाचे नाही. प्रत्येकाने इतरांचे सार आत्मसात करावे, मात्र आपले वैशिष्ट्य राखून आपल्याच नियमानुसार वाढावे. सर्व धर्मांची खिचडी त्यांना अभिप्रेत नव्हती.

गीतेचे सांगणेही असेच दुहेरी आहे. सातव्या अध्यायात भगवान सांगतात की भक्त ज्या रूपाची श्रद्धेने अर्चना करू इच्छितो, त्याच रूपाच्या ठायी त्याची श्रद्धा मी दृढ करतो. नवव्या अध्यायात अन्य देवतांचे भक्तही वस्तुतः माझेच पूजन करतात, असे आश्वासन आहे. परंतु ते पूजन विधीला धरून नसते, हे सांगण्यासही भगवंतांनी संकोच केलेला नाही. तिसऱ्या अध्यायात ज्ञानी पुरुषाला आज्ञा आहे की अजाणांच्या बुद्धीत भेद उत्पन्न करू नये. सिद्धांत ठाम आहे आणि तरीही दुसऱ्याच्या श्रद्धेला उखडण्याची अनुज्ञा नाही.

मग सहिष्णुतेला काहीच सीमा नाही काय? स्वामीजींच्या चरित्रात ती सीमाही दिसते. १८९६ च्या अखेरीस नेपल्सहून ते स्वदेशी परत निघाले. बोटीवर दोन ख्रिस्ती धर्मोपदेशक त्यांच्याशी हिंदू व ख्रिस्ती धर्मांच्या तुलनेवर वाद घालू लागले. युक्तिवाद संपला तेव्हा त्यांनी हिंदू धर्माची अर्वाच्य निंदा आरंभिली. स्वामीजींनी शक्य तितके सोसले; मग त्यांपैकी एकाची कॉलर धरून, पुन्हा असे बोललात तर समुद्रात फेकून देईन, अशी ताकीद दिली. तो गृहस्थ वरमला आणि उरलेल्या प्रवासात स्वामीजींशी अत्यंत सौजन्याने वागला. पुढे एका शिष्यापाशी या प्रसंगाविषयी बोलताना, आपल्या आईचा कोणी अपमान केला तर पुत्राने काय करावे, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. मतभेद त्यांनी आयुष्यभर आनंदाने ऐकला होता. निंदेपुढे मात्र मान तुकविणे हे त्यांना औदार्य वाटले नाही.

जी निंदा ते परक्यांकडून सोसत नव्हते, तसाच अन्याय स्वकीयांकडून झाला तर तोही त्यांनी सोसला नाही. १८९७ मध्ये भारतात परतल्यावर मलबारातील अस्पृश्यतेच्या चालींवर त्यांनी जळजळीत टीका केली. धर्म स्वयंपाकघरात आणि शिवाशिवीत कोंडला गेला, याचे त्यांना अपार दुःख होते. धर्माचे नाव घेऊन माणसाला माणसापासून तोडणारी रूढी, ही कोणाची श्रद्धा आहे म्हणून आदरणीय ठरत नाही, ही त्यांच्या सहिष्णुतेची दुसरी सीमा होय.

परंतु या चरित्रातील सर्वांत खोल प्रसंग १८९८ च्या शरद ऋतूतील आहे. काश्मीरमध्ये ते एका मुसलमान नावाड्याच्या चार वर्षांच्या मुलीची उमा म्हणून पूजा करीत होते. त्याच सुमारास ते क्षीरभवानीच्या दर्शनास गेले. आक्रमकांनी भग्न केलेले ते देवस्थान पाहून त्यांचे मन कळवळले. त्या वेळी आपण असतो तर प्राण देऊन मातेचे मंदिर राखले असते, असा विचार त्यांच्या मनात उसळला. तेव्हा मातेची वाणी त्यांना ऐकू आली. परधर्मीयांनी मंदिरात शिरून मूर्ती भ्रष्ट केल्या तरी त्याचे तुला काय. तू मातेचे रक्षण करतोस की माता तुझे, असा तो प्रश्न होता. स्वामीजी परतले ते शांत होऊन. आपण केवळ मातेचे लेकरू आहोत, असे ते शिष्यांना सांगू लागले.

बोटीवरचा प्रसंग आणि हा प्रसंग यांत दोन वर्षांचेही अंतर नाही. एकात तेज आहे, दुसऱ्यात त्या तेजाला झालेला बोध आहे. स्वधर्माचा मान राखावा, परंतु ईश्वर आपल्या रक्षणावर अवलंबून आहे, हा अभिमान धरू नये. कारण त्याच अभिमानातून शतकांपूर्वीच्या घावांचा सूड आजच्या शेजाऱ्यावर उगविण्याची बुद्धी होते. ज्या मनाने भग्न मंदिरापुढे वेदना भोगली, त्याच मनाने नावाड्याच्या लेकीच्या चरणी फुले वाहिली, आणि या दोहोंपैकी एकही भाव खोटा नव्हता.

सहिष्णुतेची कसोटी परक्यांइतकीच आपल्या माणसांतही लागते. मार्च १८९९ मध्ये हिमालयात मायावती येथे अद्वैत आश्रम स्थापन झाला. तेथे केवळ अद्वैताची साधना असावी, मूर्ती वा प्रतिमा यांचे पूजन नसावे, असा नियम स्वामीजींनीच घातला होता. जानेवारी १९०१ मध्ये ते तेथे गेले, तेव्हा एका खोलीत श्रीरामकृष्णांच्या प्रतिमेची पूजा चाललेली त्यांना दिसली. साक्षात् आपल्या गुरूंचीच पूजा! तथापि नियमाविरुद्ध म्हणून त्यांनी तीव्र नापसंती दर्शविली. मात्र पूजा उठविण्याची आज्ञा केली नाही. आपली चूक ओळखून आश्रमवासीयांनी ती स्वतःच थांबविली. त्याच वर्षीच्या आश्विनात मात्र बेलूर मठात स्वामीजींनी मृण्मयी मूर्ती आणवून यथाविधी दुर्गापूजा केली. आणि श्रीशारदादेवींच्या इच्छेला मान देऊन बोकडाचा बळी वर्ज्य केला. एकीकडे प्रतिमेला नकार, दुसरीकडे प्रतिमेची महापूजा, यात विसंगती नाही. ज्या स्थानाचा जो संकल्प, तो तेथे निष्ठेने पाळावा, आणि एका स्थानाचा नियम दुसऱ्यावर लादू नये.

४ जुलै १९०२ रोजी बेलूर मठात स्वामीजींनी देहत्याग केला. रायपूरने आपला हा बालपाहुणा विस्मरणात जाऊ दिलेला नाही. तेथील बूढा तालाब आज विवेकानंद सरोवर या नावानेही ओळखला जातो, आणि २०१२ पासून तेथील विमानतळ त्यांचेच नाव धारण करीत आहे. रायपूरच्या विवेकानंद आश्रमात स्वामी आत्मानंदांनी गीतेवर जी प्रवचने केली, ती गीतातत्त्व-चिंतन या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध आहेत.

गृहस्थाश्रमी साधकाला या चरित्रातून मिळणारा बोध कठीण आहे, पण अस्पष्ट नाही. देवघरातील आपले उपास्य कोणासाठीही बदलू नये व त्याविषयी लाज बाळगू नये. दुसरा ज्या नामाने हाक मारतो, ते नामही त्याच एका परमेश्वरापर्यंत पोहोचते, असा विश्वास ठेवावा. निंदा ऐकावी लागली तर स्वाभिमानाने थांबवावी, अन्याय दिसला तर तो धर्माच्या नावाखाली झाकू नये. आणि हे सर्व करताना अंतःकरणात द्वेषाचा अंकुर दिसला, तर आपण मर्यादा ओलांडली असे जाणून प्रथम आपल्याच मनाला आवरावे. घरातील मुलाने शंका विचारली तर त्याच्यावर डोळे वटारण्यापूर्वी दक्षिणेश्वरच्या त्या सद्गुरूंचे स्मरण करावे. शंका घेणाऱ्या तरुणाला त्यांनी प्रेमाने जवळ ठेवले, म्हणूनच जगाला विवेकानंद लाभले.